तीन घरं, तीन टाक्या

त्याला खऱ्या नावाने हाक मारणारं आमच्या पाणीखात्यात कुणी नव्हतं. सगळे त्याला कानोसा म्हणत. तो फिटर होता आणि जमिनीखालची गळती कानाने शोधायचा. कमरेएवढी लोखंडी सळई, तिच्या वरच्या टोकाला पितळेची छोटी वाटी. सळई रस्त्यावर उभी धरायची, वाटीला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी कितीही टकमक पाहिलं तरी हलायचं नाही. मग चार पावलं पुढे, पुन्हा तेच. शेवटी एका जागी खडूने फुली मारून तो म्हणायचा, "इथे खणा." इतर फिटर एका गळतीसाठी तीन-तीन खड्डे पाडत आणि चौथ्यात पाणी लागलं की छाती फुगवून फिरत. कानोशाचा खड्डा एकच असायचा.

हा माणूस खात्याचा पर्यवेक्षक व्हायला हवा होता. झालो मी. ते कसं झालं हे मी सव्वीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. गेल्या महिन्यात दोन माणसांना सांगावं लागलं, म्हणून आता लिहूनही काढतो आहे. लिहिल्याने मन हलकं होतं असं म्हणतात. माझं होत नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो.

मी तिथे ड्राफ्ट्समन होतो. उंच स्टूल, कलतं टेबल, ट्रेसिंगचा कागद आणि दिवसभर रेघा. माझ्या नकाशात पाइप सरळ जात. जमिनीत ते कसे जातात हे मी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहायची गरज आहे असंही मला वाटत नव्हतं. एक दिवस हा चिखलाच्या बुटांनी थेट नकाशांच्या हॉलमध्ये आला आणि माझ्या टेबलावर नकाशा पसरून म्हणाला, "हा व्हॉल्व्ह तू रस्त्याच्या डावीकडे दाखवलायस. तो उजवीकडे आहे. तुझ्या कृपेने अख्खी सकाळ मी नको तिथे खणत होतो."

मी स्वभावाने तिरसट. माझी चूक दाखवणारा माणूस मला सात जन्मांचा वैरी वाटतो. मी तणतणत त्याच्याबरोबर गेलो. व्हॉल्व्ह उजवीकडेच होता. मी काही बोलायच्या आत त्याने माझ्या हातात खडू दिला आणि म्हणाला, "तूच मार फुली. म्हणजे लक्षात राहील." त्यात कुचका सूर नव्हता. मास्तर मुलाला फळ्यावर बोलावतात तसं म्हणाला. आमची मैत्री झाली ती त्या दिवसापासून.

दुपारचा डबा आम्ही मीटर दुरुस्तीच्या खोलीत खायचो. भिंतीला फळ्या, फळ्यांवर उघडलेली मीटरं, त्यांच्या काचा, काटे, चक्र्या आणि सगळ्याला तेलाचा वास. आम्ही चौघं. मी, कानोसा, पंपावरचे मामा, आणि आवक-जावक विभागातल्या बाई. मामा हे कुणाचेही मामा नव्हते, पण पंप बंद पडला की मोठे साहेबसुद्धा त्यांना मामा म्हणत. डबा खाता खाता आम्ही एकमेकांना कोडी घालायचो. गप्पा मारल्या की भांडणं होतात, राजकारण काढलं की डबा कडू होतो, म्हणून बाईंनी काढलेली ही युक्ती. नियमही बाईंचेच, आणि बाईंचे नियम म्हणजे सरकारी परिपत्रक.

ज्याला कोडं सुटलं त्याने नुसतं 'सुटलं' म्हणायचं. उत्तर दाखवायचं नाही. बाकी सगळ्यांनी 'सुटलं' किंवा 'हरलो' म्हटल्यावरच ते दाखवायचं. 'सुटलं' म्हणणाऱ्यावर संशय घ्यायचा नाही. एका कोड्यामागे प्रत्येकाला एकच प्रश्न विचारता येई, तोही हो किंवा नाही असं उत्तर असलेला. आणि हरणाऱ्याने सगळ्यांचे डबे घासायचे. आता वाटतं, संशय न घेण्याचा नियम करताना बाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहायला हवं होतं.

कानोशाचं डोकं हातांतून चालायचं. मामांनी एकदा विचारलं, पाच लिटरचं एक माप आणि तीन लिटरचं एक, यांनी बरोबर चार लिटर पाणी कसं मोजाल? मी पेन्सिल काढली, बाई बोटं मोजू लागल्या. हा उठला, फळीवरून मीटर तपासायची दोन मापं घेतली आणि नळाखाली गेला. याच्यातलं त्याच्यात, त्यातलं ओतून द्यायचं, पुन्हा भरायचं. पाच मिनिटांत पँट गुडघ्यापर्यंत भिजवून परत आला, चार लिटर पाणी मामांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाला, "सुटलं. दाखवायचं नसतं ते विसरलो."

पण तो नुसता हातांनी विचार करणारा होता असं म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय, आणि अन्याय मी आधीच पुष्कळ केला आहे. बाईंनी न्हाव्याचं कोडं घातलं होतं. एका गावात एकच न्हावी. जे स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत अशा सगळ्यांची दाढी तो करतो, आणि फक्त त्यांचीच करतो. तर न्हाव्याची दाढी कोण करतं? मामा म्हणाले, "कुणीच नाही. वाढवली असेल त्याने."

"वाढवली म्हणजे तो स्वतःची करत नाही. मग नियमाप्रमाणे त्याने ती करायला हवी," बाई म्हणाल्या.

"मग बायको भादरत असेल झोपेत."

मी दोन दिवस न्हाव्याला इकडून तिकडे फिरवत राहिलो आणि मामांच्या मागोमाग 'हरलो' म्हणालो. कानोसा तिसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता म्हणाला, "बाई, असा न्हावी असूच शकत नाही. त्याच्याबद्दल जे सांगितलंय तेच चुकीचं आहे. आपण उगाच त्याची दाढी शोधतोय." बाईंनी हातातला घास खाली ठेवला. उत्तर तेच होतं. कोड्याला उत्तर नाही, हे ओळखायला वेगळी हिंमत लागते, आणि ती आमच्या चौघांत फक्त त्याच्याकडे होती. ती त्याच्याकडून काढून घेतली मी.

त्याचं असं झालं. दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसलो असताना एका जुन्या मासिकाच्या शेवटच्या पानावर मी कोडं वाचलं. एका ओळीत तीन घरं, समोर तीन टाक्या. प्रत्येक टाकीतून प्रत्येक घराला वेगळा पाइप न्यायचा. म्हणजे नऊ पाइप. कुठलाही पाइप दुसऱ्या पाइपाला ओलांडून जाता कामा नये, आणि घराच्या किंवा टाकीच्या आतून जाता कामा नये. खाली लिहिलं होतं, उत्तर पुढच्या अंकात. पुढचा अंक तिथे नव्हता. मी घरी चार संध्याकाळी बसलो. आठ पाइप व्हायचे. नववा प्रत्येक वेळी कुठे ना कुठे कोंडीत सापडायचा.

पाचव्या दिवशी मी ते डब्याला आणलं. मामा म्हणाले, "त्यात काय? एक पाइप खाली दाबायचा, एक वरून न्यायचा. रोजच करतो आपण." बाईंनी ते बाद केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला सुटलंय का? की नुसतंच उचलून आणलंत?"

रेघा ओढणं हा माझा धंदा. तीन घरं आणि नऊ रेघा मला जमत नाहीत, हे एका फिटरसमोर, एका पंपवाल्यासमोर आणि त्यात बाईंसमोर कबूल करणं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "सुटलं. अर्ध्या तासात."

त्या क्षणी मला ते फारसं खोटंही वाटलं नाही. वाटलं, आज रात्रीपर्यंत सोडवूनच टाकू, म्हणजे खोटं आपोआप खरं होईल. शिवाय बाकीचे हरले तर दोन दिवसांत सांगून टाकू की गंमत केली. मामा त्याच दिवशी हरले. बाई आठवडाभर झगडून हरल्या. कानोसा मात्र 'हरलो' म्हणेना. आणि तो म्हणेना म्हणून नियमाप्रमाणे मला उत्तर दाखवता येईना. माझ्या खोट्याला असा बाईंच्या नियमाचा पहारा मिळाला.

अडीच वर्षं. लोकांना अतिशयोक्ती वाटेल, पण अडीच वर्षं तो त्या तीन घरांच्या मागे होता. कामाच्या कार्डांच्या पाठीवर, जीपच्या बॉनेटवरच्या धुळीत, ओल्या बोटाने टेबलावर. सकाळी भेटला की नमस्काराऐवजी म्हणायचा, "आठ झाले." मी म्हणायचो, "लागेल नववा." हरला नव्हता तरी डबे तोच घासायचा. म्हणायचा, "सुटेपर्यंत घासतो. नाहीतरी माझे हात ओलेच असतात." मी माझा डबा त्याच्याकडे सरकवायचो. दर वेळी मनात काहीतरी टोचायचं आणि दर वेळी मी डबा सरकवायचोच.

त्यातली दोन वर्षं सरल्यावर खात्यात एक नवी इंजिनिअर मुलगी रुजू झाली. माझ्या ट्रेसिंगच्या कोपऱ्यात तीन घरं आणि तीन टाक्या काढलेल्या तिने पाहिल्या आणि हसली. म्हणाली, "अजून सोडवताय हे? याला उत्तरच नाही. कागदावर हे होऊच शकत नाही. कॉलेजात आम्हाला सिद्ध करून दाखवलं होतं." मी तिला तिथेच बसवलं आणि सिद्ध करायला लावलं. तिने दोन पानं भरली. सगळं मला कळलं नाही, पण कळायला हवं तेवढं कळलं. नववा पाइप कुणालाच लागणार नव्हता.

त्याच दिवशी उठून मी मीटरच्या खोलीत गेलो असतो तर ही गोष्ट तिथेच एका हशावर संपली असती. मी उद्यावर टाकलं. उद्या झाला, परवा झाला. चार महिने गेले.

चार महिन्यांनी पर्यवेक्षकाच्या जागेचं परिपत्रक निघालं. जागा एक. ड्राफ्ट्समन आणि फिटर, दोघांनाही खुली. लेखी परीक्षा आणि तोंडी. साऱ्या खात्यात एकच बोलणं, की कानोसा बसला तर बाकीच्यांनी बसूच नये. शहराखालचा एकेक सांधा त्याला पाठ होता. लेखी परीक्षेत पाइपांच्या जाळ्याचे आराखडे येत, आणि ते त्याला डोळे मिटून आले असते. मीही फॉर्म भरला, पण मनातून मला माहीत होतं की आपण नुसते हजेरी लावायला जाणार.

एका दुपारी पंपघराच्या पायऱ्यांवर आम्ही दोघंच बसलो होतो. तो म्हणाला, "मी माझा प्रश्न विचारू?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, प्रत्येकाला मिळणारा तो एक प्रश्न. अडीच वर्षं त्याने तो जपून ठेवला होता.

"विचार."

"मला वाटतं हे कागदावर होत नाही. कागद सोडून कुठेतरी जावं लागतं. तर एवढंच सांग, तू कागदावरच केलंस का?"

तो उत्तराच्या दारात येऊन उभा होता. मला फक्त कडी काढायची होती. मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "हो. साध्या कागदावर."

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "मग मी त्या परीक्षेला बसत नाही."

"याचा त्याचा काय संबंध?"

"संबंध कसा नाही? तिथेही कागदावरच दाखवायचं असतं. तू अर्ध्या तासात केलंस, मला अडीच वर्षांत जमलं नाही. रस्त्यावर माझं डोकं चालतं, कागदावर नाही चालत. उगाच चार लोकांसमोर हसं कशाला करून घेऊ?"

मी त्याला समजावलं. हो, समजावलंसुद्धा. वेडा आहेस, भरून टाक फॉर्म, काय होईल फार तर. सगळं बोललो, फक्त जे बोलायला हवं होतं ते एक वाक्य सोडून.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी त्याची बायको नकाशांच्या हॉलमध्ये आली. ऑफिसात ती पहिल्यांदाच येत होती. पिशवीतून तिने फॉर्म काढला. तिने स्वतःच्या अक्षरात तो सगळा भरला होता, फोटो चिकटवला होता, फक्त सही राहिली होती.

"भाऊजी, तुम्ही सांगा त्यांना. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात. म्हणतात, तुमच्यासारखं डोकं नाही त्यांच्याकडे. कुणी घातलं हे खूळ त्यांच्या डोक्यात?"

मी खाली पाहत म्हणालो, "सांगतो, वहिनी."

"नक्की सांगाल ना?"

"नक्की."

फॉर्म माझ्या टेबलावर ठेवून ती गेली. संध्याकाळी तो मी त्याला दिला. म्हणालो, "वहिनींनी दिलाय. सही कर." त्याने फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी तारीख गेली.

मी पहिला आलो. तेव्हा गप्प का बसलो, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की प्रश्न गुळगुळीत झाला आहे. लाजेने गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत आलो. पण लाज वाटत होती तर फॉर्म भरून परीक्षेला कसा बसलो? जागा मला हवी होती. साधी गोष्ट आहे.

पेढे, फुलं, भाषणं झाली. कानोशाने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "अभिनंदन साहेब. योग्य माणसाला मिळाली." आणि त्या दिवसापासून तो मला तुम्ही म्हणू लागला. आधी चारचौघांत, मग एकटे असतानाही. मी दोनदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, "सवय लागलेली बरी, नाहीतर मोठ्या साहेबांसमोर तोंडातून 'तू' निघायचं." मी मीटरच्या खोलीत डबा खायचं बंद केलं. पर्यवेक्षकाला वेगळी खोली होती. तसं बघितलं तर मला पळायला जागाच हवी होती.

पुढची वर्षं मी त्याचा वरिष्ठ होतो आणि तो माझे हुकूम पाळत होता. माझे हुकूम चुकले की तो सगळ्यांसमोर "बरं साहेब" म्हणायचा, आणि मग जिन्यात गाठून हळूच सांगायचा, "ती लाइन तिथून नाही, शाळेच्या मागून जाते." मी कागद बदलायचो, वर माझी सही करायचो. माझं नाव झालं, की साहेबांना जमिनीखालचं दिसतं. नव्या फिटरांना सळई धरायला तोच शिकवायचा. "ऐकू येईपर्यंत ऐकू नका," म्हणायचा, "आधी बाकीचं ऐकू येणं थांबू द्या." वयाबरोबर त्याचा डावा कान गेला. मग तो उजव्याने ऐकू लागला. कुरकुर अशी त्याने एकदाच केली, ती बुटांच्या पुरवठ्याबद्दल.

त्याच्या घरी मी क्वचित जायचो. गेलो की वहिनी चहा द्यायच्या आणि काही ना काही निमित्ताने तो विषय निघायचाच. घर लहान पडतं म्हणून, मुलीला बाहेर शिकायला पाठवता आलं नाही म्हणून, किंवा कशाहीवरून. "यांच्या नशिबात होतं भाऊजी, पण हे भित्रे. एक सही करायची होती. ती करायला हात थरथरला." त्या रागाने म्हणत नसत, आणि त्यामुळेच जास्त लागायचं. तो हसायचा आणि चहात बिस्किट बुडवायचा. मी माझ्या कपात बघत बसायचो. खरं सांगायचं तर चहा गरम असतानाच पिऊन मी उठायचो.

तो माझ्या आधी निवृत्त झाला, मी वर्षाने. मामा तोवर गेले होते, बाई मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेल्या होत्या. मला वाटलं, आता हे कोडं माहीत असलेलं कुणी उरलं नाही. म्हणजे माझ्यापुरतं तरी ते मेलं.

गेल्या महिन्यात एका दुपारी तो माझ्या दारात उभा राहिला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड. आत येऊन त्याने ते टेबलावर ठेवलं आणि कागद सोडला. हातभर लांबीचा जुना पाइपाचा तुकडा होता, मनगट आत जाईल एवढा रुंद. घासून पुसून पांढरा रंगवलेला. त्यावर लाल रंगात तीन चौकोन, निळ्यात तीन गोल आणि त्यांना जोडणाऱ्या काळ्या रेघा.

"मोजा साहेब."

मी मोजल्या. बाहेरून आठ होत्या. एकही दुसरीला शिवत नव्हती. नववी एका घरापासून निघून पाइपाच्या काठावर गेली होती, काठावरून आत वळली होती, आतून सरळ दुसऱ्या टोकाला निघून, काठावरून बाहेर येऊन, राहिलेल्या टाकीला मिळाली होती. आतली रेघ ओढायला त्याने काडीला ब्रश बांधला असणार. एका जागी तो थरथरला होता.

"सुटलं," तो म्हणाला. "रिकामा बसलो होतो. म्हटलं, आता आपण नोकरीत नाही, कुठले नियम नि कुठलं काय, पाइपावर करून बघू. एका दुपारचं काम निघालं. मला पहिल्याच आठवड्यात वाटलं होतं हो, पाइप घ्यावा हातात. पण मग म्हटलं, ज्याने सोडवलंय त्याने कागदावर सोडवलंय, तर आपणही कागदावरच सोडवायला पाहिजे. तुम्हीही तसंच सांगितलंत. म्हणून कागद सोडला नाही."

मी पाइप उगाच पुन्हा फिरवून पाहिला.

तो खुर्चीत टेकला. खूश होता. लहान मुलासारखे पाय हलवत होता. "पण कागदावरचं काही जमलं नाही. ते मी सोडलं आता. कागदावर हरलो. तर दाखवा. इतक्या वर्षांत बघायचंच राहून गेलं." असं म्हणून त्याने खिशातून कोरा कागद आणि पेन काढून माझ्यापुढे ठेवलं.

मी पेन उचललं. तीन घरं काढली, तीन टाक्या काढल्या. हात सवयीने चालत होता. आठ रेघा झाल्या. तो पुढे वाकून बघत होता, अगदी मन लावून. नववीला मी पेन टेकवलं आणि उचललं.

"मला कधीच सुटलं नव्हतं," मी म्हणालो.

नीट ऐकू आलं नाही असं वाटून त्याने उजवा कान पुढे केला. मला ते पुन्हा म्हणावं लागलं. मग बाकीचं सगळं सांगितलं. मासिक, दाताचा डॉक्टर, ती इंजिनिअर मुलगी, तिची दोन पानं. परीक्षेआधी चार महिने मला माहीत होतं, हेही सांगितलं. त्याचे पाय हलायचे थांबले होते.

बराच वेळ तो पाइपावरच्या रेघेवरून बोट फिरवत राहिला. मग स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाला, "म्हणजे मी ढ नव्हतो."

"नाही रे. तू कधीच..."

"तू गप्प बस."

इतक्या वर्षांनी त्याने मला अरेतुरे केलं होतं. त्यासाठी मी कितीतरी वेळा मनात झुरलो होतो, आणि ते असं मिळालं. मी माफी मागितली. ती त्याने घेतली नाही आणि नाकारलीही नाही. पाइप पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि उठला.

"घरी चल. मला सांगून काय उपयोग? तिला सांग."

मी चपला घातल्या. तो पुढे, मी मागे, असे आम्ही दोन गल्ल्या चाललो. मला एकदा वाटलं, म्हणावं, उद्या येतो. पण उद्यावर टाकायची माझी सवय मला चांगलीच ठाऊक होती. गेलो.

वहिनी भाजी निवडत बसल्या होत्या. मला पाहून उठायला लागल्या, तर तो म्हणाला, "बस तू. यांना काही सांगायचंय." मी उभ्यानेच सांगितलं. या वेळी लवकर संपलं, कारण पाठ झालं होतं. वहिनींचे हात परातीत तसेच राहिले.

"मी फॉर्म घेऊन तुमच्याकडे आले होते," त्या म्हणाल्या, "तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

मला वाटलं आता त्या मला बोलतील. मी त्यासाठी तयारीने गेलो होतो. चार शिव्या घातल्या असत्या तर उपकार झाले असते. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. तो मोरीपाशी उभा राहून पाणी पीत होता, आमच्याकडे पाठ करून.

"आणि मी सव्वीस वर्षं तुम्हाला भित्रे म्हणत आले," त्या म्हणाल्या. "येणाऱ्याजाणाऱ्यासमोर. पोरीसमोर."

"राहू दे आता," तो म्हणाला.

पण त्यांचं राहिलं नाही. पदर तोंडाला लावून त्या रडायला लागल्या, आणि तो भांडं खाली ठेवून त्यांच्याजवळ जाऊन बसला. मी थोडा वेळ दारात उभा होतो. मला बसा म्हणणारं तिथे कुणी नव्हतं, आणि जा म्हणणारंही कुणी नव्हतं.